हात गुंतलेले असताना

फोटो काढून झाला की माणूस श्वास सोडतो. खांदे उतरतात, आत ओढून धरलेलं पोट पुढे येतं आणि चेहऱ्यावर कसंनुसं हसू येतं, सुटलो एकदाचा अशा अर्थाचं. साताऱ्यातल्या एका फोटो स्टुडिओत मी १९८८ साली कामाला लागले, तेव्हापासून हे बघत आले आहे. काका, म्हणजे स्टुडिओचे मालक, ‘हनुवटी खाली, मान जरा डावीकडे, बास, हलू नका’ म्हणायचे. फ्लॅश उडायचा आणि त्यानंतरच्या क्षणाला ते गिऱ्हाईक घरी असतं तसं आमच्यासमोर बसलेलं असायचं. पण तोवर काका फिल्म पुढे गुंडाळत असायचे आणि फ्लॅश बारीक ‘चीं’ असा आवाज करत चार्ज होत असायचा. त्या क्षणाचा फोटो काढायला कॅमेरा तयारच नसायचा.

यात काकांची काही चूक नव्हती. यशिका मॅटमध्ये १२० चा रोल घातला की बाराच फोटो निघतात. आमच्याकडचा रोल बहुतेक वेळा उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा, ‘इंदू’ नावाचा असे. त्याची किंमत, ब्रोमाइडचा कागद, डेव्हलपर, हायपो, सगळ्याचा हिशेब काकांच्या डोक्यात पक्का. लग्नाच्या ऑर्डरीला तर यादीच ठरलेली: अंतरपाट, हार घालणं, कन्यादान, सप्तपदी, कानपिळी, सूनमुख, मग दोन्हीकडच्या मंडळींचे ग्रुप. यादीबाहेरच्या कशावर फिल्म घालवायची नाही. आजची मुलं त्या काळातल्या ताठ अल्बमांना हसतात. ती पोझ हौसेची नव्हती, काटकसरीची होती. बारातला एकही फोटो हललेला निघून चालणार नसेल, तर माणसाला आधी उभं करून गोठवावंच लागतं.

माझं काम कॅमेऱ्याचं नव्हतंच सुरुवातीला. निगेटिव्हवर पेन्सिलनं रिटचिंग करायचं, प्रिंटवरचे धुळीचे पांढरे ठिपके बारीक कुंचल्यानं भरायचे. दिवसभर भिंगातून अनोळखी चेहरे बघायचे. देवीचे वण, ओठाच्या कडेची सुरकुती, डोळ्याखालची काळी वर्तुळं, हे सगळं पुसायचं काम माझं. त्यामुळे माणसं स्वतःमधलं काय लपवतात याची मला लवकर ओळख झाली. फोटो मुलीच्या लग्नासाठी दाखवायचा असेल तर काय पुसायचं, नोकरीच्या अर्जाला लावायचा असेल तर काय ठेवायचं, याचे काकांचे स्वतःचे नियम होते.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते दुसऱ्याच एका कामानं. घरातलं कोणी गेलं की लोक दिवसांच्या आत स्टुडिओत यायचे. हार घालायला फोटो हवा. हातात असायचा एखाद्या लग्नातला ग्रुप फोटो. ‘ह्यातली ही मागची, डावीकडून तिसरी. एवढीच मोठी करून द्या.’ मग एन्लार्जर वर चढवायचा, बाकीच्यांना कागदानं झाकायचं, आणि नखाएवढा चेहरा आठ बाय दहावर आणायचा. चेहऱ्याचे कण कण व्हायचे. मी पेन्सिलनं भुवया ओढायची, डोळ्यांत चमक घालायची. घरची माणसं प्रिंट हातात घेऊन बघत राहायची आणि एखादी सून हळूच म्हणायची, ‘आत्याबाई अशा नव्हत्या दिसत पण.’ कशा दिसायच्या, विचारलं तर तिला सांगता यायचं नाही. ती हातवारे करायची. पदर असा खोचलेला असायचा, म्हणायची. बोलताना अशा बघायच्या.

या कामात एक गोष्ट उघड दिसायची. पुरुषांचे फोटो मिळायचे, सत्काराचे, सहलीचे, ऑफिसातले. बायकांचे मिळायचे नाहीत. लग्नात ग्रुप फोटोची हाक पडायची तेव्हा त्या आत असायच्या, कोणाला तरी भरवत, काहीतरी मोजत, कुलपाची किल्ली शोधत. म्हणजे फोटो निघायचा ती जागा एक, आणि त्या आयुष्य काढायच्या ती जागा दुसरी. मी फोटो कुठे उभं राहून काढते, ते त्या दिवसांत ठरलं असं मला वाटतं, कॅमेरा हातात येण्याच्याही आधी.

कॅमेरा आला तो सोयीपोटी. नवरीकडच्या घरी आदल्या दिवशी बायकांत पुरुष फोटोग्राफरनं जाणं काही घरांना नको असायचं. मग काका मला पाठवू लागले. एका घरी कासार आला होता, नवरीला हिरवा चुडा भरायला. कासार हात कसा धरतो ते ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे. अंगठ्याचं मूळ आत दाबून, सगळा तळवा निमुळता करून तो बांगडी सरकवतो. हाडाशी ती अडते. त्या अर्ध्या क्षणात नवरीनं एक डोळा मिटला आणि खालचा ओठ दातांत धरला. मग तिची काकू बसली, मग मामी, मग थोरली बहीण. वयं वेगळी, रंगरूप वेगळं, पण प्रत्येकीचा तोच एक डोळा मिटलेला. आणि कासार मात्र अगदी निवांत, यंदा पाऊस कसा लांबला ते सांगत होता.

यशिकाच्या कॅमेऱ्यात वरून खाली बघायचं असतं. कॅमेरा पोटाशी धरायचा, मान खाली घालून काचेवरचं चित्र बघायचं, तेही डावं-उजवं उलटं. तो वापरणारा समोरच्याकडे बघतोय असं वाटतच नाही, स्वतःच्याच पोटाकडे बघतोय असं दिसतं. माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. रोलमधली शेवटची फ्रेम उरली होती, ती मी मामीच्या मिटलेल्या डोळ्यावर घालवली.

काकांनी कॉन्टॅक्ट प्रिंट बघून एवढंच विचारलं, ‘ह्याचे पैसे कोण देणार?’ प्रश्न बरोबर होता. कोणीच दिले नाहीत. अल्बममध्ये तो फोटो गेला नाही.

पण मला एक वाट सापडली. माणसाचे हात कशात तरी गुंतले की चेहरा मोकळा होतो. लक्ष एका वेळी एकाच ठिकाणी राहतं. ते बोटांत गेलं की तोंडावरचा पहारा उठतो. न्हाव्याच्या खुर्चीत वस्तऱ्याखाली मान वर करून बसलेला माणूस पोझ देऊ शकत नाही. बंद पडलेल्या एसटीला ढकलणारी माणसं देऊ शकत नाहीत. ठिपके मोजत रांगोळी काढणारी मुलगी, सुईत दोरा ओवणारा म्हातारा, पोराच्या डोक्यातलं शॅम्पूचं पाणी डोळ्यांत जाऊ नये म्हणून तळहात कपाळाशी आडवा धरणारी आई, यांना तुम्ही समोर उभे आहात हे दिसत असतं, आणि तरीही फरक पडत नाही. लपून बसायची गरजच नाही. पुढाऱ्यांचे फोटो मला कधी जमले नाहीत, त्याचं कारणही हेच असावं. त्यांचे हात कायम जोडलेलेच.

वाट बघणं हेही एक काम आहे, हे मात्र मला उशिरा कळलं. गिरणीत डबा ठेवून नंबरची वाट बघणाऱ्या बायका, दवाखान्याच्या बाकावर नातेवाईक, स्टँडवर मुक्कामी गाडीची वाट बघणारे. हात रिकामे, पण मन पुढे कुठेतरी गेलेलं. अशा वेळी घाई केली तर ते भानावर येतात. बसून राहिलं, आपणही वाट बघायला लागलं, की नाही येत.

तंत्राचं थोडं सांगायला हवं, कारण नवीन मुलं ‘कॅन्डिड’ म्हटलं की आधी लांब लेन्स घेतात. हॉलच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून २०० मिमीनं माणसांना टिपायचं. त्यात चेहरा छान येतो, मागचं सगळं धूसर होतं, आणि त्या माणसाचं घर, त्याचं काम, त्याच्याशी बोलणारा माणूस, सगळं त्या धुक्यात जातं. मी बहुतेक काम ३५ मिमीवर करते. फिल्मच्या काळात शिकलेली एक रीत अजून वापरते. अ‍ॅपर्चर एफ ८ वर, फोकस हातानं तीन मीटरवर लावून टाकायचा. मग साधारण दोन मीटरपासून सात मीटरपर्यंतचं सगळं रेखीव येतं. लेन्स फिरवत बसायला नको, कॅमेरा डोळ्याशी न्यायचा आणि बटण दाबायचं, एवढंच उरतं. चालत्या माणसाला सेकंदाचा अडीचशेवा भाग पुरतो. पळत्या पोराला पाचशेवाही कमी पडतो.

घरात आणि कार्यालयात मात्र उजेडाचीच मारामारी. फ्लॅश उडवला की सगळी खोली माझ्याकडे बघणार. म्हणून कित्येक वर्षं मला जे दिसायचं ते काढता येत नव्हतं. २००८ साली निकॉनचा डी ७०० आला आणि स्वयंपाकघरातल्या एका ट्यूबलाइटमध्ये आयएसओ ३२०० वर स्वच्छ फोटो निघायला लागले, तेव्हा मी एका अर्थानं दुसऱ्यांदा धंद्यात आले. नंतर मिररलेस आले, त्यात आवाजही नाही. पण इलेक्ट्रॉनिक शटरनं कार्यालयातल्या एलईडी दिव्यांखाली फोटो काढा, नवरीच्या शालूवर काळे आडवे पट्टे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, स्वस्त दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. शटर सेकंदाच्या शंभराव्या किंवा पन्नासाव्या भागावर ठेवायचं, नाहीतर जुनं टक-टक करणारं शटर वापरायचं. मला ती टक-टक आवडते, खरं तर. ती ऐकून लोकांना कळतं की बाई काम करतेय. पहिला तासभर ऐकू येते, मग कानाआड होते.

तो पहिला तास मी वायाच घालवते. काढते फोटो, पण ते कोणी बघणार नसतं. पोरं येऊन दोन बोटं दाखवतात, त्यांचे काढते. काका-मामा येऊन ‘आमचा एक घ्या’ म्हणतात, त्यांना नीट उभं करून काढते, अगदी हनुवटी खाली वगैरे सांगून. ही हौस फिटू द्यावी लागते. त्यानंतर मी चपला काढून बायकांत खाली बसते आणि हातात काहीतरी घेते. फुलं निवडायला, विड्याची पानं पुसायला, आहेराच्या पाकिटांवर नावं घालायला. माझेही हात गुंतले की मी त्यांच्यातली होते. कॅमेरा मांडीवर पडलेला असतो. मध्येच उचलायचा, दोन फोटो काढायचे, परत पानं पुसायची.

होमाई व्यारावाला या भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या जातात. त्या साडी नेसून, खांद्यावर जड कॅमेरे घेऊन दिल्लीत हिंडायच्या. त्यांचा एक फोटो मला फार आवडतो: ओठांत सिगारेट धरलेले नेहरू ब्रिटिश उच्चायुक्तालयातल्या एका अधिकाऱ्याच्या पत्नीची सिगारेट पेटवून देतायत. पंतप्रधानांचे दोन्ही हात गुंतलेले. समोर व्यारावाला उभ्या आहेत याचं त्यांना त्या वेळी काहीच नाही. याच बाईंनी १९७० साली फोटोग्राफी सोडली, आणि नंतर सांगितलं की नव्या फोटोग्राफरांचं वागणं पटेना. इतकी वर्षं समोरच्यांच्या इतक्या जवळ वावरून त्यांना अंतराची एवढी चाड होती, याचा मी पुष्कळदा विचार करते.

वागण्याचा प्रश्न मला वारीत भेटला. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून आमच्या जिल्ह्यात येते, लोणंदला मुक्काम होतो, आणि तरडगावच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबाशी पहिलं उभं रिंगण होतं. त्या दिवशी तिथे घोड्यांपेक्षा कॅमेरे जास्त असतात. रिंगण झाल्यावर बायका फुगडी खेळत होत्या. एक आजी, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेली, अशी काही गिरकी घेत होती की बघणाऱ्यानं दमावं. ती थांबली, तशी दोन-तीन जणांनी हाक मारली, ‘आजी, परत एकदा! इकडे तोंड करून!’ आजी भली. तिनं परत फुगडी घातली. पण या वेळी दर गिरकीला तिची नजर आमच्याकडे यायची, बरोबर चाललंय ना, असं विचारत. पहिल्या फुगडीत ती विठोबाच्या वाटेवर होती आणि दुसऱ्यात आमच्या तावडीत. मी तिथून निघून गेले. पुढे रस्त्यावर दोन बायका ओल्या साडीची दोन टोकं धरून, मध्ये ती वाऱ्यावर फुगवत, चालता चालता वाळवत होत्या. टँकरच्या सावलीत एक माळकरी तुटलेल्या चपलेचा अंगठा दाभणानं शिवत होता. वारीचे माझे चांगले फोटो सगळे असेच आहेत. त्यांत पताका नाहीत, भंडाऱ्याचा पिवळा रंग नाही. स्पर्धेला पाठवले तर परत येतात.

पुन्हा करायला लावलेल्या फोटोत सगळंच खोटं असतं, असंही मी म्हणणार नाही. पॅरिसच्या टाउन हॉलसमोर भर गर्दीत चुंबन घेणाऱ्या जोडप्याचा रोबेर द्वानोचा १९५० सालचा फोटो जगभर पोस्टर होऊन भिंतींवर लागला. अचानक टिपलेला क्षण म्हणूनच लोकांनी तो घेतला. १९९० नंतर प्रकरण कोर्टात गेलं तेव्हा द्वानोनं सांगितलं की ती दोघं नाटकाची विद्यार्थी होती आणि त्यानं त्यांना तसं करायला सांगितलं होतं. पण ती दोघं एकमेकांच्या प्रेमात होती, तरुण होती, आणि त्यांना नाही म्हणता आलं असतं. आजीला नाही म्हणता येत नव्हतं. तिला वाटलं ही शहरातली मुलं एवढं म्हणतायत तर त्यांचं काहीतरी अडलं असेल. माझा राग तेवढ्यापुरता आहे.

नाही म्हणणारी माणसं मला जास्त भेटतात ती बाजारात. एक भाजीवाली मला कित्येक वर्षं ओळखते. कॅमेरा दिसला की म्हणते, ‘माझा नगं बाई, मालाचा काढ.’ मी मालाचा काढते. तिची वांगी माझ्याकडे खूप आहेत.

पुण्यात एका मजूर अड्ड्यावर मात्र गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. सकाळी माणसं कामाची वाट बघत उभी होती. फावडं, घमेलं, जेवणाचा डबा. एकाचा चेहरा, उजेड, मागची बंद दुकानं, सगळं जुळून आलं होतं. मी फोटो काढला. तो सरळ माझ्याकडे आला. चिडलेला नव्हता. म्हणाला, ‘ताई, तेवढा काढून टाका. गावाकडं मी कंपनीत आहे असं सांगितलंय.’ मी स्क्रीन त्याच्यासमोर धरून फोटो पुसला. त्यानं खात्री करून घेतली, मागचा-पुढचा फोटोही बघितला, आणि जाऊन परत त्याच जागी उभा राहिला.

अमेरिकेत वॉकर इव्हान्सनं १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाखाली कॅमेरा लपवून समोरच्या प्रवाशांचे फोटो काढले. कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग काळे केलेले, लेन्स दोन गुंड्यांच्या मधून डोकावणारी. ते फोटो विलक्षण आहेत. थकलेले, कशाचंही भान नसलेले चेहरे. पण पुस्तक त्यानं काढलं १९६६ साली, पंचवीस वर्षांनी. त्याला ही थांबण्याची मुभा होती. आज मी फोटो काढला की संध्याकाळपर्यंत तो मजुराच्या गावातल्या कोणाच्या तरी मोबाइलवर जाऊ शकतो. म्हणून मी लपून फोटो काढत नाही. कोणी विचारलं तर दाखवते, नको म्हटलं तर पुसते. यात चांगले फोटो जातात. जाऊ देत.

लग्नाच्या धंद्यात २०१० च्या आसपास ‘कॅन्डिड’ नावाचं वेगळं पॅकेज सुरू झालं. ट्रॅडिशनलवाला एक, कॅन्डिडवाला एक, वर व्हिडिओवाले. मला वाटलं आपले दिवस आले. कोटेशनमध्ये आकडा वाढला हे खरं, तेवढं कबूल करते. पण त्याबरोबर नवरीची बहीण मोबाइलवर कोणाचे तरी फोटो दाखवायला लागली, ‘असं कॅन्डिड हवंय.’ खाली बघत हसायचं, केस मागे घ्यायचे, नवऱ्यानं मागून यायचं. मी म्हणायची, हे तर सांगून करायचं झालं. ती म्हणायची, हो, पण न सांगितल्यासारखं दिसलं पाहिजे. आता प्रत्येकाला स्वतःचा मोबाइलमधला चेहरा पाठ आहे. कुठली बाजू चांगली, मान किती कलती करायची, दात दाखवायचे की नाही. स्टुडिओत काकांनी जे सांगायला पाच मिनिटं घेतली असती ते चौदा वर्षांची मुलगी पापणी लवायच्या आत करते. मी तिला दोष देत नाही. पण तिच्या बाबतीत माझा पहिला तास आता अख्खा दिवस झालाय. पंगतीत पापडाचा तुकडा मसालेभातात पडला आणि तो शोधताना तिनं कपाळाला आठी घातली, तेव्हा कुठे ती मला दिसली.

अल्बमसाठी फोटो निवडायला घरची मंडळी बसतात तो प्रसंग अजून वेगळा. करिझ्मा अल्बमची पानं मोजकी, आणि खरे फोटो पहिल्या फेरीतच बाद. नवऱ्याच्या आईला तिचं हसणं नको, दात दिसतात. मामांना त्यांचं जेवणं नको, गाल फुगलाय. वडिलांना पाठवणीच्या वेळी भिंतीकडे तोंड करून उभे राहिलेले ते स्वतः नकोच. मी वाद घालत नाही. अल्बम त्यांचा आहे, पैसे त्यांचे आहेत. फक्त बाद झालेले फोटो मी पुसत नाही, दोन हार्ड डिस्कवर वेगवेगळ्या ठिकाणी ठेवते. पाच-सात वर्षांनी फोन येतो. आवाजावरूनच मला कळतं. ‘त्या वेळी आज्जी अक्षतांना कुंकू लावत बसली होती, तो तुम्ही काढला होता का हो?’ काढलेला असतो. त्या वेळी कोणाला नको होता, कारण आज्जीनं साधीच साडी नेसली होती.

आता माझ्या कोटेशनमध्ये शेवटची एक ओळ असते: आचारी, भांडीवाल्या, मांडववाले यांचे फोटो, एक तास, विनामूल्य. मागच्या हंगामात कऱ्हाडजवळच्या एका लग्नात नवरीच्या वडिलांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. पेशानं ठेकेदार, माणूस हिशेबी.

‘हे कशाला?’

‘तुमच्या पैशात नाही, माझ्या हौसेखातर.’

‘मग तुमचा तासभर मंडपातला कमी होणार की.’

‘तास जास्तीचा आहे.’

त्यांना ते पटलं नाही. सकाळी मी मंडपामागे गेले. जिलेबीची कढई तापलेली, आचाऱ्याचं पोरगं पिठाची पिशवी पिळत गोल गोल वळणं घालत होतं, जीभ ओठाच्या कोपऱ्यात बाहेर आलेली. मी गुडघे टेकून बसले होते, तेवढ्यात हे गृहस्थ मागून आले. बघत राहिले. त्यांनी आचाऱ्याकडून झारा मागून घेतला, फेट्याचा शेव सारखा केला, झारा गदेसारखा खांद्याला लावला आणि कढईशेजारी ताठ उभे राहिले. छाती पुढे, नजर सरळ लेन्समध्ये.

‘हं. घ्या आता.’

मी म्हटलं, ‘हनुवटी जरा खाली घ्या.’ त्यांनी घेतली. अल्बमच्या पहिल्या पानावर तोच फोटो आहे, त्यांनी स्वतः निवडलेला. जिलेबी घालणाऱ्या पोराचा अर्धा चेहरा त्यात कोपऱ्यात आलाय. तो कापू का, असं मी विचारलं होतं. ‘राहू दे,’ म्हणाले, ‘जिलेबी त्यानंच केली होती.’